एजन्सीने 'सिलेक्ट' केलंय, पण करार वाचून धडकी भरलीये

उंटीण :
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज लिहावंच लागतंय. वय १९, उंची पाच फूट नऊ (आयडी शाळेतल्या मैत्रिणींची कृपा). मॉडेलिंग करायचं डोक्यात आहे. दोन ठिकाणांहून होकार आलाय आणि तेव्हापासून झोप उडालीये.

पहिल्यांनी सोशल मीडियावर मेसेज करून बोलावलं. गेले तर बाहेर ही रांग. आत मात्र फार अगत्याने बोलले, चालून दाखवायला सांगितलं, तोंडभरून कौतुक केलं. मग म्हणाले, पोर्टफोलिओ लागेल, तो आमच्याच फोटोग्राफरकडून करून घ्यायचा, आणि पैसे आजच्या आज भरलेस तर निम्म्यात. नाहीतर जागा दुसरीला जाईल.

दुसरी एजन्सी नावाजलेली. एक पैसा मागितला नाही. पण तासभर ताटकळत ठेवलं. मग एक बाई टेप घेऊन आली आणि मापं घेता घेता दुसरीला म्हणाली, "हिप्स छत्तीस. साडेचौतीसवर आली तर बघू." मी तिथे उभी आहे हे दोघींच्या गावीही नव्हतं. नंतर बरेच दिवस सामसूम, आणि एकदम मेलवर करार. तीन वर्षं, एक्सक्लुझिव्ह (म्हणजे काम फक्त त्यांच्यामार्फत), मुदत संपली की आपोआप पुढे चालू, मुखत्यारपत्र, आणि 'मॉडेलच्या वतीने केलेला सर्व खर्च मॉडेलच्या खात्यावर' अशी एक ओळ.

आई म्हणते, पहिले निदान माणसासारखे वागले. नव्या मुलींना सगळीकडे अशीच वागणूक मिळते का? आणि यातलं काय चालवून घ्यायचं?

स्पष्टवक्ता :
राग मानू नकोस, पण या क्षेत्रात दुसरं काय असणार? आधी शिक्षण पुरं कर.

फिरता चेहरा :
पहिल्यांचा नंबर ब्लॉक कर, विषय संपला. दुसऱ्यांबद्दल जुनी बुकर ताईंची वाट बघ, त्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आहेत.

जुनी बुकर :
@स्पष्टवक्ता, तिने शिक्षणाबद्दल विचारलेलंच नाही. असो.

उंटीण, मी बरीच वर्षं एका एजन्सीत बुकिंग टेबलवर होते, म्हणजे मॉडेलना कामं ठरवून द्यायची बुकर, आता कॅटलॉगसाठी कास्टिंग, म्हणजे मॉडेलची निवड, करते. आईला सांग, पहिले गोड बोलले कारण त्यांचं गिऱ्हाईक तू आहेस. खऱ्या एजन्सीचं गिऱ्हाईक म्हणजे कपड्यांचा ब्रँड, मासिक, जाहिरात करणारी कंपनी. तुला काम मिळालं तर त्यातून कमिशन, असा तो धंदा. तू एकही काम न करता ज्यांचे पैसे सुटतात, त्यांनी तुझ्यासाठी काम कशाला शोधावं? ब्रिटनमध्ये फोटो आणि फॅशन मॉडेलकडून आगाऊ फी घ्यायला ऑक्टोबर २०१० पासून बंदी आहे. कॅलिफोर्नियात काम मिळवून देतो म्हणून आधी पैसे घेणं त्याच वर्षापासून गुन्हा ठरलंय. तेव्हा हा प्रकार तुझ्यापासून सुरू झालेला नाही.

आणि पोर्टफोलिओ आत्ता लागतच नाही. लागतात डिजिटल्स, ज्यांना जुनी माणसं अजून पोलरॉइड म्हणतात. खिडकीचा उजेड, कोरी भिंत, मेकअप नाही, केस मागे बांधलेले, अंगाबरोबरचे साधे कपडे. समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा, एक हसताना. मैत्रिणीने फोनवर काढले तरी चालतात, उलट तसेच बरे, कारण आम्हाला फोटोग्राफरचं कसब बघायचं नसतं. 'फक्त रेकॉर्डसाठी' म्हणून चॅटवर कोणी कमी कपड्यांतले फोटो मागितले तर तिथेच बोलणं बंद. आणि स्काउट, म्हणजे एजन्सीसाठी नवे चेहरे शोधणारा, म्हणवणाऱ्याची खात्री त्यानेच दिलेल्या नंबरवर करायची नसते. एजन्सीच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून विचारायचं, हा माणूस तुमचाच का. मोठ्या एजन्सींच्या नावाने खोटी खाती चालवणारे पुष्कळ आहेत.

आता दुसरे. माप घेण्यात अपमान नाही. डिझायनर नव्या कलेक्शनच्या प्रत्येक कपड्याचा नमुना शिवतो तो ठराविक एकाच मापात, आणि तोच नमुना आधी रॅम्पवर आणि मग मासिकांच्या शूटला फिरतो. त्यात जी बसते तिला काम मिळतं, म्हणून बुकरच्या तोंडी सतत इंच असतात. मात्र समोरच्या मुलीबद्दल कपाटाच्या मापाबद्दल बोलावं तसं बोलायची काही गरज नसते. ती सवय आहे. नवीन बुकर जुन्या बुकरचं ऐकून तसं बोलायला लागते आणि कोणी टोकत नाही.

मला त्यापेक्षा तो दीड इंच खटकला. हिप्सच्या मापात हाडाची रुंदी धरलेली असते, ती उपाशी राहून कमी होत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उरुग्वेची मॉडेल लुइसेल रामोस शो चालू असतानाच वारली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची मॉडेल आना कारोलिना रेस्तोन वारली, एकवीस वर्षांची. मधल्या सप्टेंबरात माद्रिदच्या फॅशन वीकने बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८ च्या खाली असलेल्यांना रॅम्पवर मनाई केली होती. इस्रायलने २०१२ मध्ये १८.५ ची अट थेट कायद्यात घातली. फ्रान्समध्ये २०१७ पासून डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि त्याच वर्षी एलव्हीएमएच आणि केरिंग या दोन बड्या फॅशन समूहांनी फ्रेंच ३२ या अगदी बारीक मापाच्या मुली घेणार नाही असं जाहीर केलं. इतकं होऊनही टेप हातात धरून 'बघू' म्हणणारी बाई आहे तिथेच आहे, कारण नमुन्याचं माप फारसं सैल झालेलं नाही.

तू एक कर. सरळ मेल टाक: मापाबाबत तुमची नेमकी अपेक्षा काय, आणि ती पुरी झाली नाही तर कराराचं काय होईल? आमच्याकडे असलं सगळं फोनवर बोललं जायचं, मेलमध्ये कधीच नाही. लेखी विचारणारी कोणी निघाली की बऱ्याचदा ती अपेक्षाच गायब व्हायची.

ती खर्चाची ओळ मात्र नीट समजून घे. टेस्ट शूट (सरावाचे फोटो), कॉम्प कार्डची (तुझे फोटो आणि मापं असलेलं कार्ड) छपाई, एजन्सीच्या साइटवर तुझा फोटो ठेवण्याची फी, कुरिअर, गाडी, परगावी पाठवलं तर विमान, व्हिसा आणि मॉडेल अपार्टमेंटचं, म्हणजे एजन्सीने दिलेल्या सामायिक घराचं, भाडं. एजन्सी हे सगळं आधी भरते, म्हणून मुलींना वाटतं किती विश्वास टाकलाय आपल्यावर. ती उचल असते, तुझ्या नावावर मांडलेली. काम मिळालं की ती कापली जाते. त्याआधी तुझ्या मानधनातून कमिशन जातं, बऱ्याच ठिकाणी वीस टक्के, आणि क्लायंटकडून एजन्सी सेवाशुल्क म्हणून वेगळं घेतेच. ते तुला दिसत नाही.

माझ्या टेबलावर एक मुलगी होती. एका मोठ्या मासिकात तिची आठ पानं आली, फोटो सगळीकडे फिरले. पुढच्या महिन्यात ती स्टेटमेंट घेऊन आली आणि शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, ही रेघ कसली? ते उणे चिन्ह होतं. मासिकाच्या एडिटोरियलला, म्हणजे मासिक स्वतः छापतं त्या फॅशनच्या पानांना, मानधन नावापुरतंच असतं, कधी तेही नसतं. आणि त्या आठ पानांसाठी पाठवलेली गाडी आणि कुरिअर तिच्याच नावावर पडलं होतं. वर ती सोडून जाऊ लागली तेव्हा आधी बाकी चुकती कर म्हणून सांगण्यात आलं. पैसा असतो कॅटलॉगमध्ये, ई-कॉमर्समध्ये, जाहिरातीत, ज्याची फुशारकी कोणी मारत नाही. आणि तोही क्लायंटने भरल्यावर, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी. लवकर हवा असेल तर काही एजन्सी आणखी काही टक्के कापून देतात. म्हणजे स्वतःचेच पैसे घ्यायला फी.

म्हणून करारात दोन गोष्टी मागून घे: ठरलेल्या रकमेवरचा कुठलाही खर्च तुझ्या लेखी होकाराशिवाय नाही, आणि दर महिन्याला पावत्यांसकट हिशेब. यावर त्या कशा बोलतात ते बघ. तासभर बसवून ठेवण्यापेक्षा मी त्यावरून एजन्सी ओळखीन.

फिरता चेहरा :
मॉडेल अपार्टमेंटबद्दल जरा भर घालतो. दुमजली खाटा, एका खोलीत चार-सहा जण, एक बाथरूम, आणि प्रत्येकाच्या खात्यावर असं भाडं की त्यात शेजारच्या गल्लीत अख्खी खोली मिळाली असती. जाण्याआधी भाड्याचा आकडा मागून घे.

'ऑप्शन'चंही बघ. क्लायंट तुझी तारीख पहिल्या ऑप्शनवर धरून ठेवतो, तू सगळं रद्द करून बसतेस आणि आदल्या संध्याकाळी ऑप्शन सुटतो. त्याचे पैसे मिळत नाहीत. यात एजन्सीचा दोष नसतो, पण ऑप्शन सुटला हे वेळेवर कळवणं तिचं काम. आमच्यासारख्या पोरांना तर ते कळायचंही नाही. (हो, इथे पुरुषांना बायकांपेक्षा कमी पैसे मिळतात. मिरवायची जागा नाही, पण आहे खरं.)

बारीक अक्षर :
मी वकील, पण या विषयातली तज्ज्ञ नाही, म्हणून करार तुझ्याकडच्या कायद्याच्या माणसाला दाखवच. मुखत्यारपत्राबद्दल एवढंच: सरसकट दिलंस तर तुझ्या वतीने अटी मान्य करणं, फोटोंच्या वापराची परवानगी देणं, तुझ्या नावचे पैसे जमा करून घेणं, सगळं तुला न विचारता होऊ शकतं.

न्यूयॉर्कचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथल्या एजन्सी स्वतःला मॅनेजमेंट कंपनी म्हणवायच्या आणि काम मिळवून देणं हा आमचा केवळ आनुषंगिक उद्योग, असं सांगून रोजगार एजन्सीच्या परवान्यातून निसटायच्या. सारा झिफ स्वतः मॉडेल. तिने २०१२ मध्ये मॉडेल अलायन्स ही संघटना काढली, आणि त्यांच्या पाठपुराव्यातून आलेला फॅशन वर्कर्स अॅक्ट जून २०२५ मध्ये लागू झाला. कमिशन वीस टक्क्यांच्या वर नाही, अनामत घ्यायची नाही, तीन वर्षांहून लांब करार नाही, मॉडेलच्या होकाराशिवाय नूतनीकरण नाही, राहण्याचं भाडं बाजारभावाहून जास्त लावायचं नाही. एजन्सीने मॉडेलचं हित सांभाळलं पाहिजे हेही कायद्याने बंधनकारक. तुला तो लागू नसेल, पण 'असं कुठेच नसतं' असं कोणी म्हणालं तर दाखवायला बरा.

उंटीण :
सगळ्यांचे खूप आभार. बुकर ताई, मेल टाकला. मापाबद्दल उत्तर आलं: 'तशी कुठलीही अट नाही, तो अंतर्गत संवाद होता.' आई वाचून हसली. खर्चाला वरची मर्यादा मान्य केली, हिशेब मात्र महिन्याला नाही, तिमाहीला देऊ म्हणाले. आपोआप नूतनीकरण काढलं. मुखत्यारपत्रावर अजून गप्प.

पहिल्यांचे रोज फोन येताहेत. सवलत वाढत वाढत आता पाव रकमेवर आलीये.

एक राहिलं. कलम अकरामध्ये आहे, 'मॉडेलची प्रतिमा व शारीरिक साधर्म्य सध्या ज्ञात अथवा भविष्यात विकसित होणाऱ्या कोणत्याही तंत्राने निर्माण व वापरण्याचा हक्क.' ही फोटोंचीच गोष्ट ना?

जुनी बुकर :
अंतर्गत संवाद! तुझ्या अंगाला टेप लावून चाललेला!

मापाचं उत्तर जपून ठेव, उद्या कोणी फोनवर इंच काढले तर तोच मेल परत पाठवायचा. तिमाही हिशेबाला तयार हो, पण पावत्या सोडू नकोस. मुखत्यारपत्र फक्त क्लायंटकडून पैसे जमा करून घेण्यापुरतं ठेवा म्हणून सांग. वापराची परवानगी प्रत्येक कामाला तुझ्या सहीने.

कलम अकरा फोटोंपुरतं नाही. कॅटलॉगवाले हल्ली मुलीचं एकदा स्कॅन करून घेतात आणि पुढचे कपडे तिच्या डिजिटल आकृतीवर चढवतात. शूट नाही, म्हणजे मानधन नाही. बारीक अक्षर यांनी सांगितलेल्या कायद्यात याला वेगळी लेखी संमती लागते, तीही कशासाठी, किती काळ आणि किती पैशांत हे नमूद करून. तू ते कलम पूर्ण काढून टाकायला सांग आणि म्हण, असं काम आलं की त्याचा वेगळा कागद करू. नाही म्हणाले तर नवीन मजकूर इथे टाक, एजन्सीचं नाव खोडून. तोवर सही नको.

आणि पहिल्यांचा नंबर अजून ब्लॉक का केला नाहीस?

उंटीण :
आईला बघायचंय सवलत कुठवर जाते.