मदत हवी आहे: बाबांसाठी मेंदूच्या व्यायामाचं ॲप सुचवा (सल्ले नकोत)

रानजाई
बाबांसाठी मेंदूला चालना देणारं एखादं ॲप हवंय. अक्षरं मोठी हवीत, मध्येच जाहिराती नकोत. सुडोकू सोडून काहीही चालेल, ते करून झालं, आता हातही लावत नाहीत. हल्ली फार विसरायला लागलेत, वाढायच्या आत काहीतरी सुरू करायचंय. "मोबाईलपासून लांब ठेवा" छापाचे सल्ले कृपया नकोत. ज्यांनी वापरलंय त्यांनीच सांगा. आजच टाकून द्यायचंय.

पायीपायी
वय? काय विसरतात? कधीपासून? हळूहळू की एकदम?

गणितवेडा
सुडोकू का नको? कोणत्या पातळीचं सोडवत होते? सोप्यावरच बसून राहिलं तर काही उपयोग नाही. मी रोज अवघड सोडवतो, तेही पेनाने. खोडायची सोय ठेवली की मेंदू आळशी होतो.

रानजाई
७१. पातळीचा काय संबंध? आपण बोललेलं विसरतात. सकाळी सांगितलं की संध्याकाळी "हे तू मला सांगितलंच नाहीस", आणि मग वादावादी. वर्षभरात वाढलंय. बाकी व्यवहार, हिशेब सगळं चोख. ॲपचं नाव सांगा ना कुणीतरी!

शून्यप्रहर
एक उत्तम पद्धत आहे. जे लक्षात ठेवायचं ते ओळखीच्या घरातल्या एकेका खोलीत मनानेच ठेवायचं. उजळणी पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, मग सातव्या दिवशी. माझ्या मुलीला बारावीला फार फायदा झाला.

रानजाई
धन्यवाद, पण बाबा बारावीला बसणार नाहीयेत.

पायीपायी
ॲप सोडा, चालायला पाठवा. २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे, १२० ज्येष्ठ माणसं, आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणं. वर्षभरात हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी संबंधित भाग, साधारण २ टक्क्यांनी वाढला. फक्त ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा उलट आक्रसला. असं सुडोकूने झाल्याचं दाखवा.

गणितवेडा
१२० माणसं! ॲक्टिव्ह नावाच्या प्रयोगात २,८३२ ज्येष्ठ होते आणि तो मेंदूच्या सरावाचाच होता. दहा वर्षांनीही फायदा दिसला.

उलटतपासणी
अर्धवट सांगताय. २००२ सालचे पहिले निकाल असे होते की ज्या कामाचा सराव दिला त्याच कामात सुधारणा झाली, रोजच्या जगण्यात फरक दिसला नाही. दहा वर्षांनी डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) प्रमाण कमी दिसलं ते पडद्यावर झटपट ओळखायच्या सरावाच्या गटात. सुडोकू त्यात कुठेच नव्हतं. आणि रानजाई, ॲपांच्या जाहिरातींवर जाऊ नका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका बड्या ब्रेन-गेम कंपनीला धरलं होतं, दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून. २० लाख डॉलर भरून सुटली.

हिरवळ
एवढा वाद कशाला? जिंकगो नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या सुरू करा. नैसर्गिक आहेत, अपाय काही नाही.

उलटतपासणी
२००८ सालचा प्रयोग, ३,०६९ माणसं, सुमारे सहा वर्षं रोज दोनदा जिंकगो. डिमेन्शिया टाळण्यात रिकाम्या गोळीपेक्षा काही फरक नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अपाय नाही असंही म्हणता येत नाही.

हिरवळ
सगळं प्रयोगशाळेत सिद्ध होत नसतं.

कोराकागद
अवांतर: पासवर्ड विसरणं यात धरतात का? मी पस्तिशीतच आहे आणि दर वेळी नवा करते.

गणितवेडा
पासवर्डात मूळ संख्या वापरा. कधीच विसरणार नाही.

निमूट
रानजाईताई, एक विचारते. टीव्हीचा आवाज किती ठेवतात?

रानजाई
भिंती हादरतात. पण कान चांगले आहेत, फोनवर व्यवस्थित बोलतात. मित्रांकडे जाणं मात्र सोडलंय, "सगळे एकदम बोलतात, कटकट होते" म्हणतात. ॲपशी याचा काय संबंध?

निमूट
संबंध असा, की कदाचित ते विसरत नसतील, त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल. वयानुसार आधी वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी होतं. त्यात स, श, फ ही अक्षरं जातात. आवाज येतो, शब्द कळत नाही. फोनवर एकच माणूस थेट कानाशी बोलतो म्हणून निभावतं, चारजणांत गोंधळ होतो. माझ्या आईचं हेच होतं आणि आम्ही तिच्या विसराळूपणावर चिडत होतो.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके दिलेत. ते सगळे टळले तर डिमेन्शियाची सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे. ऐकू कमी येणं त्यांतल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक, आणि माणसांतून उठणं हाही वेगळा धोका. कानाच्या मशीनने सगळं टळतं असं मी म्हणत नाही. २०२३ च्या मशीनच्या मोठ्या प्रयोगात सरसकट फरक दिसला नव्हता, पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्यांची स्मरण-विचारशक्तीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी कमी झाली.

आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. कधी कधी नुसता मळ असतो. मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी.

उलटतपासणी
निमूट यांच्याशी सहमत. गोळ्या कोणत्या चालू आहेत तेही सांगा. हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

रानजाई
मधुमेहाची मेटफॉर्मिन, बरीच वर्षं. बीपी नाही. झोपेसाठी अॅलर्जीची साधी गोळी घेतात, ती आपली आपणच आणतात.

उलटतपासणी
"साधी" नाही ती. अॅलर्जीच्या ज्या जुन्या गोळ्यांनी झोप येते, त्याच म्हातारपणी गोंधळ आणि विसराळूपणा वाढवतात. रोज घेत असतील तर डॉक्टरांना दाखवाच. मेटफॉर्मिन बंद करू नका, पण त्याने बी-१२ कमी होऊ शकतं, ते तपासा. थायरॉईडही. बीपी नाही म्हणजे मोजलंय की वाटतं? आणि गोंधळ कधी दिवसांत, आठवड्यांत वाढला तर ॲप, धागा काही न बघता थेट डॉक्टर.

गणितवेडा
सुडोकू का सोडलं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

रानजाई
आकडे बारीक दिसतात म्हणे. चष्मा जुनाच आहे. झालं समाधान?

पायीपायी
मग डोळेही तपासा की! उपचार न केलेली कमी नजर त्या १४ धोक्यांत आहे, २०२४ लाच घातली. गणितवेडा, आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलात.

गणितवेडा
मी सुडोकूसाठीच विचारलं होतं.

रानजाई
बरं. कान, डोळे आणि रक्त, तिन्हीची वेळ घेते. पण "मी काय बहिरा आहे का?" म्हणून अडून बसतील. कसं न्यायचं?

निमूट
"माझेही तपासायचेत, सोबत चला" म्हणा, आणि खरंच तपासून घ्या. मशीन लागलंच तर पहिल्या दिवशी गर्दीत नेऊ नका, भांड्यांचा आवाजसुद्धा अंगावर येतो आणि मशीन कपाटात जातं. घरात, शांततेत, थोडा थोडा वेळ. सवयीला काही आठवडे लागतात. तोवर समोर बसून, चेहरा दिसेल असं बोला. दुसऱ्या खोलीतून हाक मारून सांगितलेलं धरूच नका.

कोराकागद
पासवर्डचा वेगळा धागा काढलाय. मूळ संख्यावाले, तिकडे या.