चुंबक धरतो, मोजत नाही

वेल्डिंगने गेटची चौकट करताना चुंबकी काटकोन (लोखंडी तुकडे काटकोनात धरून ठेवणारा चुंबक) घेतला, तर गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लागणार नाही का, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते गुण्या लागणारच, कारण चुंबक तुकडे जागेवर धरून ठेवतो आणि एकट्याने काम करणाऱ्याचा एक हात मोकळा करतो, पण चौकट काटकोनात असल्याची खात्री शेवटी दोन्ही कर्ण मोजूनच करावी लागते; १ मीटर बाय २ मीटरच्या चौकटीत ते दोन्ही २२३६ मिमी भरले पाहिजेत.

पुण्यात भोसरीपासून नऱ्हे-धायरीपर्यंतच्या लहान फॅब्रिकेशन शेडमध्ये ग्राइंडरचा लोखंडी कीस सगळीकडे उडत असतो आणि तो नेमका चुंबकाच्या तोंडावर जमतो. ३०० मिमी लांबीच्या चुंबकी लेव्हलच्या (खांब सरळ उभा आहे का ते पाहायच्या पट्टीच्या) एका टोकाखाली अर्धा मिलिमीटर कीस अडकला, तर २.४ मीटर उंचीच्या खांबात ४ मिमी फरक पडतो, म्हणून प्रत्येक वेळी लावण्यापूर्वी तोंड फडक्याने पुसावे, आणि कीस निघत नसेल तर चिकटपट्टी दाबून उचलावा.

वेल्डिंग करताना चुंबक सांध्याला अगदी लागून ठेवू नये, कारण विशेषतः डीसी (एकाच दिशेच्या विद्युतप्रवाहाच्या) मशीनवर त्याने आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, भरकटतो, शिवाय साधा निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपली शक्ती गमावू लागतो. आधी टाके (तुकडे तात्पुरते जोडणारे छोटे वेल्ड) मारावेत, चुंबक काढावा, कर्ण पुन्हा तपासावेत आणि मगच पूर्ण वेल्ड करावे.

ॲल्युमिनियम आणि ३०४ स्टेनलेस (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) यांना चुंबक नीट चिकटत नाही, म्हणून त्यांच्या कामात मात्र क्लॅम्पच घ्यावा.