होमरच्या माणसांना ‘मी’ होता का?

मूळ मुद्दा:
‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यांच्या कवीच्या, होमरच्या, माणसांना ‘मी’ नव्हता, असं माझं मत. जर्मन अभ्यासक ब्रूनो स्नेल यांनी १९४६ मध्ये हेच मांडलं. होमरमध्ये ‘थुमोस’ (मनातला आवेग) उसळतो, ‘नोओस’ (समज) उमजतो, ‘प्सुखे’ (प्राण) मरताना निघून जाते. पण या तिघांचा धनी कोण, त्याला शब्दच नाही. ‘सोमा’ म्हणजे पुढच्या ग्रीकमध्ये शरीर, होमरमध्ये मात्र प्रेत. इलियडच्या पहिल्या सर्गात ग्रीक वीर अकिलीस रागाने तलवार उपसतो, तेव्हा त्याला आवरायला देवी अथीना मागून येऊन केस धरते. आतून आवरणारं कुणी नाहीच.

प्रतिसाद १:
शब्द नाही म्हणून वस्तू नाही? ‘जीव रमत नाही’, ‘मन मानत नाही’, ‘काळजात चर्र झालं’ म्हणणाऱ्याचे आपण तीन तुकडे करतो का? आणि अथीना येण्याआधीच्या ओळी (१८८ पासून) गाळू नका. तलवार उपसू की राग गिळू, हा घोळ अकिलीसच्या मनात आधीच चाललाय. अथीनाही म्हणते, ‘ऐकणार असशील तर’. हुकूम नाही तो.

मूळ मुद्दा:
मराठीत मन, जीव यांच्या शेजारी ‘स्वतः’ आहे. होमरचा ‘स्वतः’ बघा: इलियडच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत वीरांच्या प्सुखे हेडीसकडे (मृतांच्या लोकात) आणि ते ‘स्वतः’ कुत्र्यांच्या तोंडी. स्वतः म्हणजे मढं!

प्रतिसाद २:
निर्णय घेताना बघा ना. इलियडच्याच अकराव्या सर्गात रणात एकटा सापडलेला वीर ओडिसियस थुमोसशी बोलतो, मग ‘माझा थुमोस हे काय बरळतोय?’ म्हणून त्यालाच गप्प करतो आणि उभा राहतो. सतराव्यात दुसरा वीर मेनेलाओस अगदी तीच ठरीव ओळ म्हणतो आणि मागे हटतो. ओळ एक, निर्णय दोन. ठरवणारा थुमोस नव्हे. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९९३ मध्ये स्नेलना उत्तर दिलं ते याच अंगाने: निर्णय घेणारा माणूस होमरमध्ये आहे, फक्त नंतरचा ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो करतो तशी आत्म्याची भागांत वाटणी नाही.

प्रतिसाद ३:
त्या वाटणीसाठी प्लेटोने साक्ष काढली ती होमरचीच. ‘पॉलिटेइया’ (‘रिपब्लिक’) या त्याच्या ग्रंथाच्या चौथ्या भागात तो ओडिसीच्या विसाव्या सर्गातली १७वी ओळ देतो: ओडिसियस छाती बडवून काळजाला दटावतो. प्लेटोला तेवढीच पुरते, बुद्धी वेगळी आणि थुमोस वेगळा दाखवायला. सात ओळी खाली उतरा. काळीज मुकाट सोसतं, ‘पण तो स्वतः’ या कुशीवरून त्या कुशीवर तळमळतो, विस्तवावर फिरवल्या जाणाऱ्या, चरबी-रक्त भरलेल्या आतड्यासारखा. ‘स्वतः’साठी ग्रीक शब्द तोच, ‘आउतोस’, इलियडच्या चौथ्या ओळीतलाच. इथे तो जिवंत आहे आणि त्याला झोप येत नाहीये.