घड्याळात बोलून दिवसभराची नोंद ठेवता येती का?

बारा_माग:
सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे बारा माग हायत. कुठला माग कधी बंद पडला, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपलं का धोटा (आडवं सूत नेणारा) अडकला हे लिहून ठेवायचं म्हणतो पण हाताला ग्रीस, वही हापिसात, मग रात्री आठवून लिहितो म्हणजे निम्मं मनाचंच. म्हणून दोन हजाराचं कॉलिंगवालं घड्याळ घेतलं तर त्यात रेकॉर्डरच नाही ओ! नुसता मोबाईलचा असिस्टंट उघडतंय, आणि 'सात नंबर बीम संपलं' म्हटलं की 'साथ नंबर भीम संपलं' लिहितंय. कोण करायलंय का असलं?

नवीपेठकर:
मालक, त्या घड्याळात माईक न् स्पीकर एवढंच असतंय, बाकी सगळा कारभार मोबाईलचा. मोबाईल तीसेक फुटाच्या पुढं गेला की ब्लूटूथ तुटलं. घड्याळातच रेकॉर्ड व्हायला पायजे तर वेअर ओएसवालं (गुगलची घड्याळाची सिस्टीम) बघा, नाहीतर अ‍ॅपल वॉच, त्यात २०१९ पासून व्हॉइस मेमो हाय. नुसतं रेकॉर्ड करायला भाषा कशाला लागती, लिहून पायजे म्हटलं की खरी बोंब सुरू होती.

होटगीरोडची_सून:
मी सासऱ्यांच्या शुगरसाठी करते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून स्वतःलाच मेसेज टाकता येतो ना, त्यांच्या मोबाईलमध्ये तोच चॅट वर पिन करून दिलाय, व्हॉइस नोट टाकली की वेळ आपोआप पडते. मामंजी घड्याळावाणी वेळच्या वेळी बोलतात, "गोळी घेतली, भाकरी एक." मागून सासूबाईंचा आवाज, "अजून अर्धी वाढू का?" आणि यांचं हळूच "हं" 😄 फक्त साठवू नका हं, रोज रात्री ऐकून वहीत उतरवायचं, मी महिनाभर ठेवल्या आणि मग ऐकायचाच कंटाळा आला.

जुना_जॉबर:
शेडमधे बोलून उपयोग नाही बे, मागाच्या खडखडाटात शेजारच्याचं ऐकू येत नाही तर घड्याळाला काय येणार. दाराबाहेर यायचं, मनगट तोंडाजवळ धरायचं, आधी नंबर मग कारण, दोनच शब्द. आणि कामगारांना पहिलं सांगा. आम्ही एका ठिकाणी न सांगता चालू केलं तर कांड्या भरणाऱ्या बायकांनी आठवडाभर तोंडच उघडलं नाही, त्यांना वाटलं मालक आपलं बोलणं टेप करायलाय.

बारा_माग:
सगळ्यांना सांगून चार दिवस केलं, मोबाईल खिशातच ठेवून, व्हॉट्सअ‍ॅपवालंच. जमतंय. रात्री ऐकलं तर तीन नंबर रोज चारच्या सुमारालाच बंद! म्हटलं सापडलं, कामगाराला बोलावून विचारलं. तो म्हणतो, मालक, चार वाजता तुम्हीच मला चहा आणायला पाठवता की.