लुंबिनीले जायाचं तर नुसत्या आधारवर जावं का? माह्यं मत : नाही

वर्धेकाठचा :
जय भीम, नमस्कार सगळ्यायले. आमच्या विहारातून यंदा बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर अन तिथून लुंबिनी असा दौरा ठरून राहिला. वीस-बावीस लोकं आहेत, त्यातले अर्धे साठीच्या पुढचे. ज्या टूरवाल्यासोबत बोलणं झालं तो म्हणते, नेपाळले काहीच लागत नाही, आधारची झेरॉक्स अन दोन फोटो द्या, बाकी माह्यावर सोडा. इथंच माह्यं डोकं सटकलं.
व्हिसा लागत नाही हे खरं आहे, १९५० च्या करारापासून दोन्हीकडच्या लोकायले मोकळं येणं-जाणं आहे. पण व्हिसा नाही म्हणजे कागदच नाही असं कोणं सांगतलं? भारत सरकारचा नियम आहे, पासपोर्ट पाहिजे नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड. आधार चालते ते फक्त १५ वर्षांखालच्यायले अन ६५ च्या वरच्यायले. आता गंमत पहा, ज्या आजीची साऱ्या गावाले काळजी का हिचं कसं होईन, तिचं आधारवर भागते, अन तिले हाताले धरून नेणारा पंचेचाळीस वर्षाचा पोरगा अडकते.
मी दोन दिवस घरोघरी जाऊन कार्डं पाहिली. काही लोकायचं मतदान कार्ड त्या जुन्या लॅमिनेशनवालं, फोटो असा काळाकुट्ट का बाई आहे का माणूस समजत नाही. एका काकूच्या कार्डावर बापाचं नाव, आधारवर नवऱ्याचं, अन जन्मसालात तीन वर्षांचा फरक. चार-पाच जणांचं कार्डच सापडून नाही राहिलं, कारण आता बँकेपासून राशनपर्यंत सगळीकडे आधारच चालते तं मतदान कार्ड सांभाळते कोण. माह्यं म्हणणं एवढंच आहे का ज्यायचं असं आहे त्यायनं फॉर्म ८ भरून नवीन कार्ड काढावं अन तोपर्यंत दौरा पुढं ढकलावा. कमिटीतले लोकं म्हणते मी खोडा घालून राहिलो. तुम्ही सांगा.

घाटंजीचा गडी :
भाऊ तू लयच कागदी माणूस दिसते. नेपाळच्या सोनौली बॉर्डरवर उभा तरी राहिला का कधी? तिकडचे लोकं सायकलवर भाजीच्या पिशव्या अडकवून दिवसातून दोन दोन वेळा इकडून तिकडे जातेत, दोन्हीकडे सोयरिकी आहेत त्यायच्या. एसएसबीचा, म्हणजे आपल्या सशस्त्र सीमा बलाचा जवान बसमध्ये चढते, एक नजर मारते, कुठून आले इचारते, महाराष्ट्र म्हटलं का उतरून जाते. आम्ही गेलो तवा पूर्ण बसमध्ये कोणाचंच कार्ड पाहिलं नाही.
अन दौरा पुढं ढकलशीन म्हणजे कुठं नेशीन? दिवाळीनंतर कापूस वेचणी, त्याच्या मागं तूर, डिसेंबर-जानेवारीत तिकडे असं धुकं राहते का गोरखपूरची गाडी कवा पोचते भगवान जाणे, मंग लग्नं सुरू. म्हातारे माणसं पुढच्या वर्षी राहतीन याची गॅरंटी तू देते का?

नागपुरात नोकरी :
@घाटंजीचा गडी भाऊ तुमच्या बसले नाही इचारलं म्हणून नियम बदलला का? २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत पोरायचं आंदोलन पेटलं, तिथल्या पंतप्रधान ओलींचं सरकार गेलं, काठमांडूचं विमानतळ बंद पडलं, तवा याच बॉर्डरवर एकेकाचं ओळखपत्र पाहून आपल्या लोकायले परत घेतलं. गडबड नाही तोवर सगळं मोकळं असते, गडबड झाली का पहिले कागद इचारतेत अन नेमकं तवाच तुमच्याजवळ ते नसते.
अन जातानाचं सोडा, येतानाचं बोला. परत येताना आपण भारतीय आहो हे दाखवाचं कशावर, आधारवर? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही हे आधारवालेच सांगतेत.

घाटंजीचा गडी :
दहा वर्षातून एकदा होते ते. तेवढ्यासाठी घरी बसाचं का मंग.

मूलची ताई :
दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, पण एक नियम कोणीच नाही सांगितला. कुटुंबानं सोबत जात असाल तर सगळ्यांजवळ पासपोर्ट किंवा मतदान कार्ड असलंच पाहिजे असं नाही. घरातल्या एका मोठ्या माणसाजवळ असलं तर बाकीच्यांचं फोटोवाल्या दुसऱ्या ओळखपत्रावर चालते, फक्त त्यावरून नातं दिसलं पाहिजे, म्हणजे राशन कार्ड, लायसन, पोरांचं शाळेचं आयकार्ड असं. अन १५ ते १८ वर्षांचं पोरगं असेल तर मुख्याध्यापकांचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र घ्या. म्हणून वर्धेकाठच्या दादा, तुम्ही वीस जणांची यादी करू नका, घरांची यादी करा. कोणत्या घरात एकही पक्कं कार्ड नाही ते शोधा, तेवढीच घरं अडतील. अख्खा दौरा कशाला थांबवता.

वर्धेकाठचा :
ताई हे कामाचं सांगतलं. पण आमच्या इकडच्या राशन कार्डावर फोटो कुठं राहते आता, अन आमच्यात पाच-सहा बाया एकट्याच येऊन राहिल्या, घरचं कोणीच सोबत नाही. त्यायचं काय कराचं?

मूलची ताई :
त्यांचं फॉर्म ८ शिवाय होणार नाही. बीएलओला, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या गावच्या माणसाला गाठा, नाहीतर मोबाईलवरून भरा. अन माझं मत विचाराल तर बायांनी पासपोर्टच काढून ठेवावा. बऱ्याच जिल्ह्यांत आता पोस्टातच होते, पंधराशे रुपये फी, दहा वर्षं बघायला नको. लग्नानंतर एका कागदावर एक नाव अन दुसऱ्यावर दुसरं हा जो घोळ आहे ना, तो पासपोर्टच्या निमित्तानं एकदाचा निपटते.

सोयाबीन सम्राट :
पंधराशे म्हणे फक्त. दोन वेळा तालुक्यातून जिल्ह्याले जाणं, एक मजुरी बुडणं, मंग पोलीस पडताळणीले ठाण्यात चकरा, कितीचं झालं ते? लुंबिनी सोडून ती बाई आयुष्यात दुसऱ्या कोणत्या देशात जाणार आहे? मतदान कार्ड फुकटात दुरुस्त होते, तेच करा. पासपोर्टचा सल्ला पगारवाल्यायनं पगारवाल्यायले द्यावा.

मूलची ताई :
मीही पगारवाली नाही दादा. दोन एकर धान आहे.

मी तं भूतानले जाणार :
एवढी किचकिच करण्यापेक्षा भूतान करा ना. शांत देश, आपला रुपया जशाले तसा चालते, बदलाचं टेन्शन नाही.

नागपुरात नोकरी :
@मी तं भूतानले जाणार भाऊ तिथं आपल्या लोकायले माणशी रात्रीचे १२०० रुपये फक्त राहण्याचा कर म्हणून द्या लागते, ६ ते १२ वर्षांच्या लेकरायले अर्धे. चार मोठे माणसं पाच रात्री म्हणजे २४,००० हॉटेलात पाय ठेवाच्या आधीच. अन परमिट वेगळं, तिथंही पासपोर्ट नाहीतर मतदान कार्डच. कागदाची किचकिच चुकवाले जाशीन तं तीच किचकिच पैसे देऊन घेशीन. अन लुंबिनी भूतानात नाही ना बाप्पा.

निळी पहाट :
मुद्दा भरकटला. दादा, माझं उलट म्हणणं आहे, एवढं जातच आहात तर नुसतं लुंबिनी करून परतू नका, काठमांडू पण करा. बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेऊन १६ ला चंद्रपूरला आले अन पुढच्याच महिन्यात तब्येत एवढी खराब असताना काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. आपल्या विदर्भातल्या माणसानं ते शहर पाहिलंच पाहिजे.

घाटंजीचा गडी :
आता पहा, इथं मी कागदवाला होतो. काठमांडू म्हाताऱ्यायले घेऊन रस्त्यानं अजिबात नको. २०२४ च्या ऑगस्टात पोखऱ्याहून काठमांडूले जाणारी बस मर्स्यांगदी नदीत गेली, जळगाव जिल्ह्यातले लोकं होते त्याच्यात, किती घरं उजाड झाली. पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळतेत, एका बाजूले डोंगर अन एका बाजूले नदी. लुंबिनीचं तसं नाही, बॉर्डरपासून सगळी सपाट जमीन, तीसेक किलोमीटर, सकाळी गोरखपूरहून निघा, दिवसभर पहा. मायादेवी मंदिर, अशोकाचा स्तंभ, अन त्या वेगवेगळ्या देशायच्या विहारायचा परिसर एवढा मोठा आहे का म्हाताऱ्यायले ई-रिक्षा कराच लागते. हे मी मनाचं नाही सांगून राहिलो.

निळी पहाट :
मग काठमांडू विमानानं करा ज्यांना जमते त्यांनी. पण विमानात घाटंजीच्या दादांची नजर मारून उतरणारी सिस्टीम नाही, काउंटरवरच पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड मागतात अन नसलं तर बोर्डिंग पास देत नाहीत. तिकिटाचे पैसे गेले.

सोयाबीन सम्राट :
पैशाचं कोणी बोललं नाही अजून. तिथं दुकानदार हजार म्हणला का पहिले इचारा, आयसी का एनसी. आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यायचे. आपले १०० म्हणजे त्यायचे १६०. तं हजार एनसी म्हणजे आपले सव्वासहाशेच होतेत, अन नवीन माणूस पाहून काही लोकं गुपचूप हजार आयसी घेऊन टाकतेत. आमच्या सोबतच्या एकानं एकाच शालीले असे पावणेचारशे जास्तीचे मोजले. २०१८ च्या डिसेंबरात त्यायनं आपल्या २००, ५०० अन २००० च्या नोटा बंद केल्या होत्या, तवापासून शंभराच्या गड्ड्या घेऊन जायाची पद्धत पडली. नोटांचे नियम बदलत राहतेत, निघाच्या आधी बँकेत इचारा, पण शंभराच्या नोटेनं कोणाचं अडत नाही.

नागपुरात नोकरी :
अन २०२४ पासून तिथल्या फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय पण चालते. आपल्या इकडच्या फोनपे अ‍ॅपचा अन त्याचा काही संबंध नाही, तिकडची वेगळी कंपनी आहे. पण यूपीआयसाठी नेट पाहिजे अन बॉर्डर ओलांडली का आपलं सिम रोमिंगशिवाय मुकं होते, म्हणून त्याच्याच भरवशावर राहू नका. घड्याळ पण पंधरा मिनिटं पुढं करून घ्या, बसवाला त्यायच्या टायमानं निघते.

वर्धेकाठचा :
ठीक आहे. ताईनं सांगतलं तसं घरानुसार यादी करतो, काठमांडू काढून टाकतो, अन अडलेल्या लोकायचे फॉर्म ८ याच आठवड्यात. तारीख नाही बदलत. पण टूरवाल्याकडून मी लिहून घेणार, का आधारमुळं कोणाले बॉर्डरवरून परत पाठवलं तं त्याचे पैसे वापस.

घाटंजीचा गडी :
लिहून देणारा टूरवाला भेटला तं मलेही त्याचा नंबर दे. अन सांगून ठेवतो, कार्ड कोणी पाहणार नाही तुमचं.

सोयाबीन सम्राट :
मतदान कार्ड आलं नाही वेळेवर तं झेरॉक्स चालन का?

मूलची ताई :
नाही. ओरिजिनलच न्या, झेरॉक्स बॅगेत वेगळी ठेवा.