मदत हवी आहे: रोमच्या स्किपिओंची वंशावळ मराठीत कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयात प्राचीन रोमच्या इतिहासाचा अभ्यासवर्ग चालतो. पुढच्या सत्राला रोम आणि उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज यांची युद्धं आहेत. त्यासाठी कॉर्नेलियस कुळातल्या स्किपिओ शाखेचा तक्ता मोठ्या कागदावर काढून भिंतीवर लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. काम मनापासून आवडीचं आहे, पण नावांच्या गुंत्यात अडकले आहे.

रोमन पुरुषाला साधारण तीन नावं: स्वतःचं, कुळाचं आणि शाखेचं. स्वतःच्या नावाने तरी माणूस वेगळा ओळखू यावा, तर या शाखेत मुलांना फिरून फिरून ग्नेयस, लुकियस आणि पब्लियस हीच नावं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल आल्प्स ओलांडून उतरला तेव्हा, इ.स.पू. २१८ मध्ये, तिचिनस नदीकाठी जखमी झालेला कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) म्हणजे पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ. इ.स.पू. २०२ मध्ये झामाला हॅनिबलला हरवणारा त्याचा मुलगाही पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ, पुढे 'आफ्रिकानस'. त्याचा मुलगा पब्लियस. त्या मुलाने दत्तक घेतलेला, इ.स.पू. १४६ मध्ये कार्थेज जमीनदोस्त करणारा एमिलियानस, तोही पब्लियस. शेजारच्या नासिका उपशाखेत तर बाप, मुलगा, नातू, पणतू असे चौघेही पब्लियस कॉर्नेलियस स्किपिओ नासिका, आणि चौघेही कॉन्सल!

तक्त्याच्या माथ्यावर कोणाला घ्यायचं ते ठरलं आहे: इ.स.पू. २९८ चा कॉन्सल लुकियस स्किपिओ बार्बातस. त्याची दगडी शवपेटी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या पद्यात तो ग्नेयसचा मुलगा, शूर आणि शहाणा, रूपही गुणांना शोभेसं, असं म्हटलं आहे. मग त्याने भूषवलेली पदं आणि जिंकलेली ठिकाणं येतात. मला ते पद्य फार आवडतं, त्याचा भावार्थ तक्त्यावर लिहिणार आहे.

खरी अडचण स्त्रियांची. मुलीला कुळाचंच नाव, म्हणून आफ्रिकानसच्या दोन्ही मुली कॉर्नेलिया. थोरली नासिकांच्या घरात दिली, धाकटी ग्राक्कसांच्या. तक्त्यावर रेघा ओढल्या तेव्हा दिसलं की इ.स.पू. १३३ मध्ये जमीनवाटपाचा कायदा करणाऱ्या तिबेरियस ग्राक्कसवर सिनेटरांना घेऊन चालून गेलेला नासिका सेरापिओ हा त्याचा सख्खा मावसभाऊ होता. कापितोल टेकडीवर त्या दिवशी बाकांच्या मोडक्या पायांनी माणसं मारली गेली आणि प्रेतं तिबर नदीत फेकली. दोघी बहिणी वेगळ्या दाखवल्या नाहीत तर हे नातं कोणाला कळणारच नाही.

आणि एमिलियानस कुठे बसवू? जन्माने तो एमिलियस पौलसचा मुलगा. दत्तक बापाकडून धाकटी कॉर्नेलिया त्याची आत्या. रक्ताच्या नात्याने तीच आतेबहीण, कारण तिची आई एमिलिया ही पौलसची बहीण. शिवाय तिची मुलगी सेम्प्रोनिया याची बायको, म्हणजे ती सासूसुद्धा. एवढ्या रेघा एका माणसाकडे कशा न्यायच्या? कोणी अशी वंशावळ केली असल्यास कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, विषय छान घेतलात. पब्लियस १, पब्लियस २ असे आकडे घालू नका, रोमन लोकांचीच पद्धत वापरा. ऑगस्टसच्या काळात संगमरवरावर कोरलेली कॉन्सलांची यादी रोमच्या कापितोलिन संग्रहालयात आहे. तिच्यात नावासोबत बापाचं आणि आजोबांचं नाव असतं. लुकियसचा मुलगा, लुकियसचा नातू: तिचिनसचा कॉन्सल. पब्लियसचा मुलगा, लुकियसचा नातू: आफ्रिकानस. ग्नेयसचा मुलगा, लुकियसचा नातू: पहिला नासिका. सातबाऱ्यावर एकाच नावाचे चुलतभाऊ वडिलांच्या नावावरून वेगळे काढतो, तसंच हे. खाली पहिल्यांदा कॉन्सल झाल्याचं वर्ष घाला, म्हणजे चारही नासिका सुटे होतील: १९१, १६२, १३८, १११.

एमिलियानस दत्तक बापाखालीच ठेवा. पौलसकडे तुटक रेघ, लग्नाला दुहेरी रेघ. बहिणींना 'थोरली' आणि 'धाकटी' पुरे.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. एक टीप कोपऱ्यात जरूर द्या: कॉर्नेलियस दिसला की नातलग धरू नये. रोमचा हुकूमशहा सुल्ला हाही कॉर्नेलियसच, पण वेगळ्या शाखेचा. त्याने दहा हजारांवर गुलामांना मुक्त केलं आणि त्या सगळ्यांना कॉर्नेलियस हे नाव मिळालं, असं प्राचीन इतिहासकार अ‍ॅपियन सांगतो. नावाच्या घोळात जीवही गेला आहे. सीझरच्या खुनानंतर, इ.स.पू. ४४ मध्ये, जमावाने सीझरविरुद्ध बोललेला कॉर्नेलियस सिन्ना समजून हेल्व्हियस सिन्ना या कवीला ठार मारलं. तो बिचारा सीझरचा मित्र होता. अभ्यासवर्गात हे सांगाच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बाप-आजोबांची पद्धत फारच सोयीची आहे, आज रात्रीच कागद नव्याने आखते. आता एकच शंका उरली. सेरापिओचा पणतू मेटेलस घराण्यात दत्तक गेला आणि मेटेलस स्किपिओ झाला. तोच सीझरचा प्रतिस्पर्धी सेनापती पाँपे याचा सासरा, इ.स.पू. ४६ मध्ये थाप्ससला सीझरकडून हरलेला. त्याची मुलगी मात्र कॉर्नेलियाच. त्याला स्किपिओंच्या तक्त्यात शेवटचा म्हणून ठेवू, की तुटक रेघ काढून मेटेलसांकडे पाठवू?