मदत हवी आहे: सर्व्हरच्या लॅन पोर्टांची नावं बदलतायत

मंडळी, डेबियन १२ (लिनक्स) च्या सर्व्हरमध्ये काल एनव्हीएमई डिस्क (पीसीआयला जोडायची वेगवान एसएसडी) लावली आणि पीसीआय बसचा (मदरबोर्डवर कार्डं जोडायच्या मार्गाचा) नंबर सरकून लॅन पोर्टचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं, ब्रिज (पोर्ट एकत्र जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) जुनंच नाव शोधत बसला, अख्खं ऑफिस दीड तास नेटशिवाय आणि मी मॉनिटर-कीबोर्ड घेऊन रॅकसमोर. आता मॅक अ‍ॅड्रेसवरून (पोर्टच्या हार्डवेअर पत्त्यावरून) लॅन०, वॅन० अशी पक्की नावं द्यायला सिस्टमडीच्या (लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) डॉट लिंक फाइली, म्हणजे पोर्टला नाव द्यायच्या सेटिंग फाइली, केल्यात, पण रिबूटनंतर एकाचंच नाव बदललं, दुसरा पोर्ट तसाच. अपडेट-इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी इमेज नव्याने बनवणारी कमांड) चालवायलाच लागतं का? की ब्रिजचाही मॅक तोच दिसतो म्हणून डॉट लिंक फाइलच्या मॅच भागात पर्मनंट मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा मूळ पत्ता) लिहू? नेट डॉट आयएफनेम्स हा कर्नलचा पर्याय शून्य करून परत ईटीएच० अशा जुन्या नावांवर जायचं नाहीये, त्यात क्रमाची खात्री नसते. शनिवारी रात्री रिबूटला वेळ मिळणारे, त्याआधी कुणी सांगाल का प्लीज?